चुंबकीय की इम्पीडन्स? हृदयाचं थ्री-डी मॅपिंग निवडताना

ईपी लॅबसाठी, म्हणजे हृदयाच्या लयीतले बिघाड शोधून दुरुस्त करायच्या खोलीसाठी, मॅपिंग सिस्टीम (हृदयात घातलेल्या कॅथेटरची, म्हणजे बारीक नळीची, जागा आणि तिथले विद्युत सिग्नल पडद्यावर मांडणारं यंत्र) घ्यायची ठरली की टेबलावर येणारी माहितीपत्रकं सगळी एकाच साच्यातली वाटतात. लेफ्ट एट्रियमचं, म्हणजे हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याचं, गुळगुळीत रंगीत कवच, फुप्फुसशिरांच्या तोंडाशी ठिपक्यांची माळ आणि कोपऱ्यात अचूकतेचा आकडा, तोही मिलिमीटरच्या आतला. आकडा खोटा नसतो. फक्त तो निर्जीव साच्यात मोजलेला असतो. आपला पेशंट मात्र श्वास घेतो, घामाघूम होतो, खोकतो आणि झोपेचं औषध उतरायला लागलं की खांदा हलवतो.

मी आधी बराच काळ इम्पीडन्सवर (शरीराच्या विद्युत रोधावर) चालणाऱ्या सिस्टीमवर काम केलं, नंतर चुंबकीय सिस्टीमवर आलो. मधला काही काळ दोन्ही हाताशी होत्या. ज्यांना आता निवड करायची आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. रिएन्ट्री (विद्युत लहरीचं एकाच वाटेवर गोल फिरत राहणं) म्हणजे काय, अ‍ॅब्लेशन (बिघडलेली जागा निकामी करणं) कसं होतं, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. कंपन्यांची नावं घेणार नाही. आवृत्त्या बदलत राहतात, एका घरची युक्ती दुसऱ्या घरी जाते. खाली दडलेलं तत्त्व मात्र फारसं बदलत नाही, आणि त्रास होतो तो तत्त्वामुळेच.

दोन तत्त्वं, थोडक्यात

1997 साली गेपस्टाइन, हायाम आणि बेन-हाइम या इस्रायली संशोधकांनी चुंबकीय पद्धत मांडली. टेबलाखाली तीन कॉइल बसवलेल्या असतात. प्रत्येक कॉइल अगदी क्षीण चुंबकक्षेत्र तयार करते, ताकदीने पृथ्वीच्या क्षेत्राएवढं किंवा त्याहूनही कमी. कॅथेटरच्या टोकात एक बारीक सेन्सर असतो. प्रत्येक क्षेत्राची ताकद त्याला किती जाणवते यावरून टोक कुठे आहे, कोणत्या दिशेला वळलं आहे, हे कळतं. त्याच टोकाच्या इलेक्ट्रोडवरून तिथला सिग्नलही नोंदला जातो. जागा आणि वेळ एकत्र आली की नकाशा तयार होतो.

दुसरी पद्धत 1999 साली नेदरलँड्समध्ये विटकाम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवली. अंगावर पॅचच्या तीन जोड्या लावायच्या: डावी-उजवी बाजू, छाती-पाठ, मान-मांडी. प्रत्येक जोडीतून अतिशय कमी पण उच्च वारंवारतेचा प्रवाह सोडायचा. शरीर त्या प्रवाहाला रोध करतं, त्यामुळे एका पॅचपासून दुसऱ्यापर्यंत व्होल्टेज उतरत जातं. आत असलेल्या इलेक्ट्रोडला तिन्ही दिशांनी किती व्होल्टेज मिळतंय ते पाहिलं की त्याची जागा मिळते. कॅथेटरमध्ये वेगळा सेन्सर लागत नाही. साधा इलेक्ट्रोड पुरतो.

या शेवटच्या दोन वाक्यांत इम्पीडन्सचं सगळं आकर्षण आहे. तिचं दुखणंही तिथेच आहे.

नकाशावर आपण नेमकं काय सोपवतो

इथे थोडं थांबतो, कारण निवड करताना हाच भाग लोक घाईत उडवून लावतात.

अ‍ॅक्टिव्हेशन मॅपमध्ये प्रत्येक बिंदूची वेळ एका स्थिर संदर्भाशी ताडून पाहिली जाते. हा संदर्भ बहुतेक वेळा कोरोनरी सायनस या हृदयाच्याच शिरेतला कॅथेटर असतो. लाल म्हणजे लवकर, जांभळा म्हणजे उशिरा. फोकल टॅकीकार्डियात (एकाच ठिकाणाहून उठणाऱ्या जलद लयीत) लाल डाग एका जागी गोळा होतो आणि रंग चहूबाजूंनी पसरत जातात. रिएन्ट्रीमध्ये लाल आणि जांभळा एकमेकांना भिडतात. फेऱ्याच्या पूर्ण वेळेपैकी नव्वद टक्के भाग नकाशात आला की सर्किट त्याच कक्षात आहे असं मानायला आपण तयार होतो. मोजणीची विंडो (वेळेची चौकट) चुकीची लावली तर ‘लवकर’ आणि ‘उशिरा’ यांची अदलाबदल होते. त्याला कोणतीच सिस्टीम जबाबदार नसते.

व्होल्टेज मॅप वेगळा प्रश्न विचारतो: स्नायू जिवंत आहे की डाग? व्हेंट्रिकलमध्ये (खालच्या कप्प्यात) बायपोलर, म्हणजे दोन इलेक्ट्रोडमधलं, व्होल्टेज 1.5 मिलिव्होल्टच्या वर असेल तर निरोगी आणि 0.5 च्या खाली दाट डाग, ही फिलाडेल्फियाच्या मार्चलिन्स्की गटाने 2000 च्या सुमारास रूढ केलेली पट्टी आजही जवळपास सगळीकडे चालते. एट्रियममध्ये 0.5 च्या खाली आपण सावध होतो. पण लहर कुठून येतेय, इलेक्ट्रोडची जोडी तिला समांतर आहे की आडवी, इलेक्ट्रोड केवढा आहे, टेकला आहे की नुसता शेजारी तरंगतोय, या सगळ्यावर हा आकडा हलतो. साडेतीन मिलिमीटरच्या टोकाने मोजलेलं व्होल्टेज आणि एक मिलिमीटरच्या इलेक्ट्रोडने मोजलेलं व्होल्टेज एकाच पट्टीवर ठेवून वाद घालण्यात अर्थ नाही.

आणि तिसरी गोष्ट, जिच्याबद्दल कमी बोललं जातं: टॅग. जिथे आरएफ (अ‍ॅब्लेशनची रेडिओलहरींची ऊर्जा) दिलं तिथे ठिपका. जिथे हिजचा, म्हणजे हृदयातल्या मुख्य विद्युतवाहक जुडग्याचा, सिग्नल मिळाला तिथे पिवळा ठिपका. जिथे पेसिंग केल्यावर डायफ्रॅम उडाला तिथे फ्रेनिक नर्व्हची (डायफ्रॅम हलवणाऱ्या नसेची) खूण. मागे अन्ननलिका कुठून जाते त्याचीही एक रेषा. अ‍ॅक्टिव्हेशन मॅप केसच्या पहिल्या तासात करून मोकळं होता येतं. टॅगवर मात्र शेवटच्या मिनिटापर्यंत भरवसा ठेवावा लागतो. माझ्या मते सिस्टीमची परीक्षा इथे होते, रंगांमध्ये नाही.

इम्पीडन्सच्या बाजूने

आधी तिच्या बाजूने मनापासून बोलतो, कारण ती मी आवडीने वापरली आहे.

पहिलं सुख म्हणजे कॅथेटर जांघेतून आत सरकला की थोड्याच वेळात पडद्यावर दिसू लागतो. मान ते मांडी हा सगळा पट्टा प्रवाहाखाली असल्याने इन्फिरिअर व्हेना कॅव्हातून वर येणारा कॅथेटर आपण अक्षरशः चढताना पाहतो. क्वाड्रिपोलर (चार इलेक्ट्रोडचा) असो, डेकापोलर (दहाचा) असो, सगळे एकदम. गरोदर स्त्रीचं एसव्हीटीचं (हृदयाच्या वरच्या भागातून उठणाऱ्या जलद लयीचं) अ‍ॅब्लेशन असेल किंवा लहान मूल असेल, तर एक्स-रेचं पेडल पायाखालून बाजूला सारून पूर्ण केस करता येते. हा फायदा कागदावर एका ओळीचा दिसतो. लेड अ‍ॅप्रन न घालता सलग उभं राहिल्यावर कंबरेला त्याची किंमत कळते.

दुसरं, मोकळेपणा. जवळपास कोणत्याही बनावटीचा कॅथेटर जोडता येतो. ज्या लॅबमध्ये निम्म्याहून जास्त काम एव्हीएनआरटी, अ‍ॅक्सेसरी पाथवे आणि साधा फ्लटर या एसव्हीटीच्या प्रकारांचं आहे, तिथे प्रत्येक केसला सेन्सरवाला कॅथेटर फोडणं जिवावर येतं. ही बचत खरी आहे. ती नाकारण्यात अर्थ नाही.

तिसरं, पटकन उभं राहणारं कवच. बहु-इलेक्ट्रोड कॅथेटर फिरवला की प्रत्येक इलेक्ट्रोडची जागा मिळते आणि भूमिती झपाट्याने भरते.

त्या भूमितीत एक खोट असते, हेही सांगायला हवं. शरीर म्हणजे सगळीकडे सारखा रोध असलेला ठोकळा नव्हे. फुप्फुसातली हवा प्रवाहाला अडवते, रक्त वाट देतं. त्यामुळे व्होल्टेजचा उतार कुठे तीव्र असतो, कुठे सौम्य, आणि कच्च्या नकाशात शिरा जिथे एट्रियमला मिळतात तो भाग ओढल्यासारखा किंवा दाबल्यासारखा येतो. सिस्टीम कॅथेटरवरच्या इलेक्ट्रोडमधलं ठरलेलं अंतर वापरून हे दुरुस्त करते. ती दुरुस्ती बरीच चांगली असते. सीटीशी जुळवायला बसलं की डाव्या वरच्या शिरेपाशी तरीही थोडी कुरबुर होतेच, निदान माझ्याकडे व्हायची.

जे मला शेवटी सहन झालं नाही

नकाशा सरकणं.

इम्पीडन्सच्या नकाशावर दोन बिंदूंमधलं अंतर मुळात अंतर नसतं, ते व्होल्टेजमधला फरक असतो. शरीराचा रोध बदलला की तेच हृदय पडद्यावर दुसऱ्या जागी जातं. आणि लांबलेल्या केसमध्ये रोध बदलतोच. इरिगेटेड कॅथेटर (टोक सलाइनने थंड ठेवणारा) मिनिटाला 17 ते 30 मिलिलिटर सलाइन सोडत असतो. फुप्फुसशिरांची केस संपेपर्यंत लिटर-दीड लिटर पाणी रक्तात गेलेलं असतं, बाकीच्या शीथमधून (कॅथेटर आत नेणाऱ्या नळ्यांतून) गेलेलं वेगळंच. पेशंट घामेजतो, मानेवरच्या पॅचची कड सुटते. झोपेचं औषध वाढवलं की श्वास खोल होतो, कमी केलं की उथळ. लघवीची निकड लागली की माणूस गुंगीतसुद्धा कंबर उचलतो. शॉक द्यावा लागला तर सगळंच हलतं.

यावर उपाय आहेत. कोरोनरी सायनसमधला कॅथेटर जागेचाही संदर्भ म्हणून धरायचा, म्हणजे हृदय हललं तरी नकाशा त्याच्याबरोबर हलतो. श्वासाची भरपाई मधूनमधून पुन्हा करायची. सायनस कॅथेटरची सुरुवातीची छाया पडद्यावर साठवून ठेवायची आणि आत्ताचा कॅथेटर तिच्यावर बसतो का ते पाहायचं. हे सगळं मी करायचो, आजही कोणी इम्पीडन्सवर काम करत असेल तर करायलाच हवं. पण एकाच कॅथेटरवर वेळेचा संदर्भ आणि जागेचा संदर्भ असे दोन्ही भार टाकल्यावर तो अर्धा सेंटिमीटर बाहेर आला की दोन्ही एकदम गेले. कोरोनरी सायनसमधला कॅथेटर ओघळतो, विशेषतः जांघेतून घातलेला, हे कोणाला सांगायला नको.

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. डाव्या फुप्फुसशिरांभोवतीचं अ‍ॅब्लेशनचं वर्तुळ पूर्ण झालंय. उजवीकडचंही झालंय. सर्क्युलर कॅथेटर डाव्या वरच्या शिरेत परत ठेवला तर शिरेचा सिग्नल अजून जिवंत. सगळ्यात लवकर येतोय तो पुढच्या बाजूच्या जोडीवर, म्हणजे गॅप (वर्तुळात राहिलेली फट) रिजवर आहे, शीर आणि अपेंडेज (एट्रियमची पिशवी) यांच्या मधल्या त्या अरुंद कडेवर. अ‍ॅब्लेशन कॅथेटर तिथे नेला. एक्स-रेत तो जागेवर, आयसीईवर (हृदयाच्या आतून केलेल्या सोनोग्राफीवर) टोक रिजला टेकलेलं स्पष्ट, कॉन्टॅक्ट फोर्स 12-15 ग्रॅम. आणि पडद्यावर? टोक कवचाच्या बाहेर, अधांतरी. जुने ठिपके त्याच्या मागे, थोडे खाली.

आता मी देणार असलेला लेजन (अ‍ॅब्लेशनचा डाग) जुन्या दोन लेजनच्या मधे पडणार की जुन्यावरच? पडदा एक सांगतो, सिग्नल दुसरंच. तीन वाटा उरतात. सॉफ्टवेअरने नकाशा हाताने सरकवून बसवायचा; पण शिफ्ट सगळीकडे सारखी असते असं नाही, डावीकडे बसवला की उजवीकडे सुटतो. कवच पुन्हा करायचं. मग पुन्हा वेळ, पुन्हा सलाइन. किंवा नकाशाकडे दुर्लक्ष करून सिग्नल आणि एक्स-रेवर काम उरकायचं. मग एवढा खटाटोप कशासाठी मांडला होता?

इथवर वाचून इम्पीडन्स वापरणारे म्हणतील, एवढी मोठी शिफ्ट लगेच कळते. बरोबर आहे. मला खरा त्रास मोठ्या शिफ्टचा नव्हताच. तीन-चार मिलिमीटरची शिफ्ट, जी कळत नाही, तिचा होता. टोक कवचाच्या आतच दिसतं, ठिपके शेजारी-शेजारी पडतात, सगळं शिस्तीत चाललंय असं वाटतं. खडूने आखून झाल्यावर कापड बोटभर सरकावं आणि कात्री मात्र खडूच्याच रेषेवरून चालावी, तसं. बेल्जियममधल्या ब्रुजच्या गटाने दोन लेजनमधलं अंतर 6 मिलिमीटरच्या आत ठेवायची शिस्त घालून दिली आणि आता ती बहुतेकांच्या अंगवळणी पडली आहे. पण मोजपट्टीच चार मिलिमीटरने ढळलेली असेल, तर सहा मिलिमीटरचा नियम पाळला की मोडला हे कोण सांगणार? स्कार व्हीटीमध्ये (डागामुळे व्हेंट्रिकलमध्ये उठणाऱ्या जलद लयीत) डागातून जाणारी वाट कधीकधी काही मिलिमीटरचीच असते. आणि सेप्टमवर (कप्प्यांमधल्या भिंतीवर), जिथे स्लो पाथवे (एव्हीएनआरटीत निकामी करायची वाट) आणि हिज यांच्यात मुळातच फार जागा नसते, तिथे पिवळे ठिपके आपल्या नकळत खाली-वर झाले तर पुढचं बोलायला नको. तिथे मी कधीच एकट्या टॅगवर विसंबलो नाही, दर वेळी सिग्नल पाहिला. मात्र विसंबता येत नाही ही जाणीव डोक्यात सतत असली की केसचा थकवा वाढतो.

हे रोज होत नाही. शांत पडून राहिलेला, जनरल अ‍ॅनेस्थेशियाखालचा, आटोपशीर केसचा पेशंट असेल तर इम्पीडन्सचा नकाशा शेवटपर्यंत छान टिकतो. दुसऱ्या कोणाचा अनुभव माझ्यापेक्षा चांगला असू शकेल, त्यांच्याकडे भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ असेल. माझ्याकडे तसं नेहमी नव्हतं.

चुंबकीयची स्वतःची दुखणी

चुंबकीय पद्धतीत जागा ठरते ती टेबलाखालच्या कॉइल आणि टोकातला सेन्सर यांच्यात. मधल्या शरीरात किती पाणी साठलं याच्याशी चुंबकक्षेत्राला देणंघेणं नसतं. पेशंट हलला तर अंगावरच्या संदर्भ-पॅचची जागा बदलते आणि सिस्टीम तसं सांगते. मला पटलं ते हे: चूक झालीच तर ती ओरडून होते.

ती निर्दोष आहे असं मुळीच नाही. क्षेत्राचा आवाका मर्यादित असतो. पेशंटला टेबलावर नीट मधोमध घेतलं नाही, फार वर किंवा खाली झोपवलं, तर हृदयाचा काही भाग चांगल्या क्षेत्राच्या काठावर येतो. हे सुरुवातीला पाच मिनिटं देऊन तपासलं पाहिजे. ड्रेप लावल्यानंतर लक्षात आलं तर सगळ्यांची तोंडं वाकडी होतात. एक्स-रेचा डिटेक्टर छातीच्या फार जवळ आणला की धातूमुळे क्षेत्र विस्कटतं आणि पडद्यावर सूचना येते. डिटेक्टर थोडा वर घ्या, काम सुरू.

सेन्सर असलेलेच कॅथेटर लागतात, ही मोठी अडचण. तुमच्या हातात बसलेला, वर्षानुवर्षं वापरलेला कॅथेटर त्या घराचा नसेल तर तो चुंबकीय अचूकतेने दिसणार नाही. हात बदलावा लागतो. मला वळणाचा अंदाज बसायला वेळ लागला, विशेषतः उजव्या खालच्या शिरेच्या मागच्या भिंतीवर. शिवाय सेन्सर नसलेले डायग्नोस्टिक कॅथेटर दिसतात ते प्रवाहाच्या पद्धतीनेच, आणि तेही सेन्सरवाला कॅथेटर फिरवून तो भाग आधी तयार केल्यावर. जांघेतून चढणाऱ्या कॅथेटरचं ते सुखद दृश्य इथे तितकं सहज मिळत नाही.

आणि हृदय हलतंच. चुंबकीय पद्धत टोकाची जागा अचूक सांगते, पण श्वासाबरोबर हृदय डायफ्रॅमसोबत खाली-वर होतं, त्याला ती काय करणार? श्वासाच्या एका ठराविक टप्प्यावरचेच बिंदू घ्यायची सोय असते, ती सुरू ठेवायची. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये (एट्रियमच्या विस्कळीत लयीत) बांधलेलं कवच सायनस, म्हणजे नेहमीच्या, लयीत परत आल्यावर थोडं सैल-घट्ट होतं, तेही दोन्हीकडे सारखंच.

मग मिश्र सिस्टीमचं काय

हा प्रश्न हमखास येतो. आता बाजारातल्या मोठ्या सिस्टीम मिश्र आहेत. चुंबकीय घराने प्रवाह घेतला, प्रवाहाच्या घराने चुंबक घेतलं. माहितीपत्रक वाचून दोन्हीत फरक उरला नाही असं वाटू शकतं.

फरक उरतो, आणि तो विचारून घ्यायचा असतो. पाया कोणता आणि दुरुस्ती कोणती? काही ठिकाणी चुंबकीय जागा हा पाया असतो आणि प्रवाह बाकीचे इलेक्ट्रोड दाखवायला वापरतात. काही ठिकाणी प्रवाहाची भूमिती हा पाया आणि चुंबकीय सेन्सर ती ताणून-आवळून सरळ करतो. दुसऱ्या प्रकारात सेन्सरवाला कॅथेटर बाहेर काढून साधा कॅथेटर आत घातला की तुम्ही मागच्या दाराने शुद्ध इम्पीडन्सच्या जगात परत येता. मघाची दुरुस्ती त्या क्षणापुरती खरी असते. पुढे शरीराचा रोध बदलला तर तिला ते कळत नाही. प्रात्यक्षिक द्यायला येणाऱ्यांना हा प्रश्न सरळ विचारावा. उत्तर लगेच आलं तर चांगलंच. ‘आमची सिस्टीम दोन्हीतलं उत्तम घेते’ एवढंच उत्तर आलं तर पुन्हा विचारावा.

बिंदूंची गर्दी

पूर्वी एकेका टोकाने बिंदू घेत शे-दोनशेचा नकाशा व्हायचा. आता वीस इलेक्ट्रोडच्या फांद्या, सोळा इलेक्ट्रोडची जाळी, चौसष्टची टोपली. काही मिनिटांत हजारो बिंदू. माझ्या मते गेल्या काही वर्षांतली खरी सुधारणा हीच, आणि तिचा चुंबक की इम्पीडन्स या वादाशी तसा संबंध कमी. जाळीमध्ये दोन आडव्या-उभ्या दिशांनी बायपोल मिळतात, त्यामुळे लहर इलेक्ट्रोडच्या जोडीला आडवी गेली म्हणून निरोगी स्नायू डाग दिसण्याचा घोळ कमी होतो. निवडताना मॅपिंग कॅथेटर कोणते मिळणार याला जागेच्या तत्त्वाच्या खालोखाल वजन द्या. काही जण वरचढ देतील, त्यांच्याशी मी फार भांडणार नाही.

पण हजारो बिंदूंची वेळ यंत्र ठरवतं. अपेंडेजजवळ दूरचा सिग्नल जवळचा समजून यंत्र टिपतं, दुहेरी सिग्नलमध्ये चुकीचं शिखर उचलतं आणि मग गुळगुळीत रंगात ते सगळं झाकलं जातं. फिल थ्रेशोल्ड किती ठेवला आहे ते जरूर पाहा. दहा मिलिमीटरपर्यंत रंग भरायची मुभा दिली असेल तर जिथे एकही बिंदू नाही तिथे व्होल्टेज मॅपमध्ये सिस्टीम निवांत जांभळा रंग, जो इथे निरोगी स्नायूचा, भरून टाकते. मी तो आकडा कमी ठेवतो आणि नकाशात भोकं दिसली तरी चालवून घेतो. भोक दिसलं की निदान तिथे जायची बुद्धी होते.

यंत्राशेजारी बसणारा माणूस हा वेगळाच विषय. चांगला मॅपिंग स्पेशालिस्ट तुमच्या आधी पाहतो की सायनस कॅथेटर एक इलेक्ट्रोडभर मागे आलाय. तुमच्या भागात अशी व्यक्ती ज्या सिस्टीमची मिळते, ती सिस्टीम माझ्या आवडीविरुद्ध असली तरी मी तुम्हाला तीच घ्यायला सांगेन. फोनवर आणि दूरून पडदा पाहून मिळणारी मदत लांबलेल्या व्हीटीच्या केसमध्ये पुरत नाही.

कुणी काय घ्यावं

ज्यांचं काम मुख्यतः एसव्हीटीचं, मुलांचं किंवा शून्य-एक्स-रेचं आहे, कॅथेटर वेगवेगळ्या बनावटीचे आहेत, केस छोट्या आहेत, त्यांना इम्पीडन्स पुरेल. पुरेल म्हणजे नाइलाज म्हणून नव्हे. ती त्या कामाला जास्त सोयीची आहे. एव्हीएनआरटीत तर कोच त्रिकोणाची (हिजजवळच्या भागाची) भूमिती, हिजचा ढग आणि सिग्नल एवढं पाहून काम होतं, आणि नकाशा सरकायला लागण्याआधीच केस संपलेली असते.

नुसत्या पहिल्या वेळच्या पॅरॉक्सिझमल (अधूनमधून येणाऱ्या) फिब्रिलेशनच्या केस करायच्या असतील तर मॅपिंग लागतंच का, असाही विचार करून पाहा. फायर अँड आइस अभ्यास 2016 साली आला तेव्हा क्रायोबलून (ऊती गोठवणारा फुगा) आरएफपेक्षा कमी पडला नव्हता, आणि क्रायोबलूनचं बरंचसं काम एक्स-रेवर चालतं. पल्स्ड फील्डमध्येही (विद्युत स्पंदनांच्या अ‍ॅब्लेशनमध्ये) अनेक जण एक्स-रे आणि आयसीईवर उरकतात. फेरकेसला मात्र शिरांच्या बाहेर काय शिजतंय ते पाहायला नकाशा हवाच.

आणि ज्यांच्या लॅबमध्ये पर्सिस्टंट (टिकून राहणारं) फिब्रिलेशन, अ‍ॅब्लेशननंतरचे अटिपिकल फ्लटर, स्कार व्हीटी अशा लांबणाऱ्या केस वाढत जाणार आहेत, त्यांनी पाया चुंबकीय असलेली सिस्टीम पाहावी असं मला वाटतं. कॅथेटरचं बंधन खटकेल, डिटेक्टर वर-खाली करावा लागेल. ते मी स्वीकारलं.

प्रात्यक्षिक मागताना एट्रियमचं सुंदर कवच पंधरा मिनिटांत करून दाखवणारी केस मागू नका. इरिगेटेड कॅथेटरने चालणारी, झोपेच्या औषधावरची, लांबलेली केस मागा. सुरुवातीला हिज टॅग करायला सांगा, शिवाय कोरोनरी सायनसच्या तोंडाशी एक खूण. शेवटी, शीथ काढण्याआधी, कॅथेटर त्याच दोन जागी परत न्यायला सांगा. जागा सिग्नलवरून आणि आयसीईवरून ठरवायची, पडद्यावरून नाही. मग पडद्यावर टोक टॅगपासून किती लांब पडतं ते मोजून घ्या, आणि दोन्ही सिस्टीमसाठी हे एकाच प्रकारच्या पेशंटवर करा.